दुसरी डिस्क लावली आणि कॉम्प्युटर बसला: वाचकांचे प्रश्न

जुन्या कॉम्प्युटरला एसएसडी (चिपांची वेगवान डिस्क) घालायची, किंवा बंद पडलेल्या कॉम्प्युटरची डिस्क काढून चालू कॉम्प्युटरला जोडायची, ही कामं आता घरच्या घरी होतात. त्यामुळे या वेळी एकाच दुखण्याचे प्रश्न एकत्र घेतले आहेत: दुसरी डिस्क जोडली आणि विंडोज किंवा लिनक्स सुरू होईना. पुढे वाचण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. पडद्यावर नेमकं काय येतं, शब्द न् शब्द. नवी डिस्क काढल्यावर कॉम्प्युटर पहिल्यासारखा सुरू होतो का. आणि नवी डिस्क बायॉसमध्ये (कॉम्प्युटर चालू होताच सर्वांत आधी धावणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) दिसते का. एवढं कळल्याशिवाय 'रिपेअर', 'इनिशिअलाइझ' आणि 'फॉरमॅट' या बटणांकडे फिरकू नका. आदेश इथे उच्चाराप्रमाणे छापले आहेत, टाइप अर्थातच इंग्रजीत करायचे.

प्रश्न (इचलकरंजी): माझ्या डेस्कटॉपला एसएसडीवर विंडोज १० आहे. ऑफिसमधल्या बंद कॉम्प्युटरची १ टीबीची हार्ड डिस्क डेटासाठी लावली. तिच्यावरचा जुना सी ड्राइव्ह आधी यूएसबीने जोडून फॉरमॅट केला होता. आता चालू केलं की काळ्या पडद्यावर 'बूटएमजीआर इज मिसिंग' येतं. डिस्क काढली की सगळं ठीक. एसएसडी गेली का? दुकानदार म्हणतो, विंडोज पुन्हा टाकावं लागेल.

उत्तर: एसएसडी ठणठणीत आहे आणि विंडोज पुन्हा टाकायची काहीही गरज नाही. हा संदेश एसएसडीवरून येतच नाही, तो नव्याने लावलेल्या डिस्कवरून येतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार चालला आहे.

बायॉस जुन्या, म्हणजे लेगसी पद्धतीने चालत असेल तर तो यादीतल्या पहिल्या डिस्कचा पहिला सेक्टर वाचतो. हा सेक्टर ५१२ बाइटचा: ४४६ बाइटमध्ये छोटा प्रोग्राम आणि डिस्कची ओळख, ६४ बाइटमध्ये चार पार्टिशनांचा (डिस्कच्या आखलेल्या भागांचा) तक्ता, शेवटच्या २ बाइटमध्ये खूण. तो प्रोग्राम तक्त्यात 'ॲक्टिव्ह' नोंद असलेलं पार्टिशन शोधतो आणि पुढचं काम त्याच्या बूट सेक्टरवर सोपवतो. तुम्ही फॉरमॅट मारला तेव्हा पार्टिशनच्या आतल्या फाइली गेल्या, पण 'ॲक्टिव्ह' ही नोंद पार्टिशनच्या बाहेर, तक्त्यात असते. ती तशीच राहिली. वर फॉरमॅट करताना विंडोजने पार्टिशनच्या सुरुवातीला नवा बूट सेक्टर लिहिला, आणि त्याला एकच काम माहीत आहे: बूटएमजीआर नावाची फाइल शोधणं. ती नाही, म्हणून तक्रार. एकदा सूत्रं त्या डिस्ककडे गेली की बायॉस तुमच्या एसएसडीकडे परत वळत नाही.

आधी खात्री करा. चालू करताना बूट मेनूची कळ दाबत राहा: गिगाबाइटच्या बोर्डवर एफ१२, एमएसआय आणि एएसरॉकवर एफ११, आसुसवर एफ८, तयार डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९. आलेल्या यादीतून एसएसडी निवडा. विंडोज सुरू झालं की निदान पक्कं, फक्त क्रम चुकला आहे. यादीत एसएसडीचं नाव आणि 'विंडोज बूट मॅनेजर' अशा दोन्ही नोंदी असतील तर दुसरी निवडा. ती असणं म्हणजे तुमचं विंडोज यूईएफआय, म्हणजे लेगसीनंतर आलेल्या नव्या पद्धतीने टाकलेलं आहे.

आता क्रम कायमचा बदला. इथेच अनेकजण अडकतात, कारण जुन्या बायॉसमध्ये क्रम दोन ठिकाणी असतो. 'बूट डिव्हाइस प्रायॉरिटी'मध्ये सगळ्या डिस्कमिळून एकच ओळ दिसते. त्या ओळीमागे कोणती डिस्क उभी आहे, हे 'हार्ड डिस्क ड्राइव्ह्ज', 'हार्ड डिस्क बूट प्रायॉरिटी' किंवा 'हार्ड ड्राइव्ह बीबीएस प्रायॉरिटीज' अशा वेगळ्या पानावर ठरतं. त्या पानावर एसएसडी वर आणा आणि एफ१० दाबून सेव्ह करा. काही बोर्ड नवी डिस्क दिसली की हा क्रम स्वतःहून पोर्टच्या नंबराप्रमाणे लावतात, म्हणून एसएसडी सर्वांत लहान नंबराच्या साटा पोर्टला (डिस्कची केबल लागते त्या जागी) ठेवलेली बरी.

तरीही ती 'ॲक्टिव्ह' नोंद काढून टाका, नाहीतर पुढे कधी बायॉस रिसेट झाला की हाच खेळ पुन्हा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, 'डिस्कपार्ट' चालवा आणि 'लिस्ट डिस्क' द्या. आकार बघून १ टीबीची डिस्क ओळखा. समजा ती १ नंबरला आहे: 'सिलेक्ट डिस्क १', 'लिस्ट पार्टिशन', 'सिलेक्ट पार्टिशन १', 'इनॲक्टिव्ह'. चुकून डिस्क ० वर हे केलंत तर तुमचं चालू विंडोज बसेल, म्हणून एंटरआधी 'डिटेल डिस्क' देऊन मॉडेलचं नाव वाचा.

क्रम लावला, आणि मेन स्विच बंद करून सकाळी चालू केलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न? मग मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल उतरला आहे. घड्याळही मागे पडलेलं दिसेल. नवा सेल ३ व्होल्ट दाखवतो, मल्टीमीटरवर २.७ च्या खाली असेल तर बदला.

प्रश्न (नाशिक): माझं नेमकं उलट झालं आहे. जुनी हार्ड डिस्क आत असतानाच नवीन एसएसडीवर विंडोज ११ टाकलं. सहा महिने उत्तम चाललं. आता हार्ड डिस्क काढली तर 'नो बूटेबल डिव्हाइस'. परत लावली की चालू. विंडोज तर एसएसडीवर आहे!

उत्तर: विंडोज एसएसडीवर आहे, पण त्याला सुरू करणाऱ्या फाइली जुन्या डिस्कवर आहेत. इन्स्टॉलरला एखाद्या डिस्कवर आधीचं ईएफआय पार्टिशन (यूईएफआय पद्धतीच्या बूट फाइलींची जागा) सापडलं की तो दुसऱ्या डिस्कवर नवं बनवायच्या भानगडीत पडत नाही, बूट फाइली तिथेच टाकून मोकळा होतो. म्हणून विंडोज टाकताना बाकीच्या सगळ्या डिस्कची साटा केबल काढून ठेवावी. दोन मिनिटांचं काम आहे आणि पुढची डोकेदुखी वाचते.

खात्री करायची तर जुनी डिस्क लावून विंडोज सुरू करा आणि स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. पार्टिशनच्या चौकटीत कंसात शब्द असतात. विंडोजचं फोल्डर जिथे आहे त्याला 'बूट' म्हटलेलं असतं आणि बूट फाइली जिथे आहेत त्याला 'ईएफआय सिस्टिम'. तुमच्याकडे 'बूट' एसएसडीच्या ओळीत आणि 'ईएफआय सिस्टिम' हार्ड डिस्कच्या ओळीत दिसेल.

दुरुस्ती चालू विंडोजमधूनच करा. पेन ड्राइव्हवरून बूट करूनही जमतं, पण तिथे ड्राइव्हची अक्षरं बदलतात, सी चा डी होतो आणि चूक व्हायला वाव राहतो. महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेर घ्या. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लिहून घ्या आणि बिटलॉकर तात्पुरतं सस्पेंड करा. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम', ३०० एमबी. एसएसडीवर तेवढी मोकळी जागा तयार होईल.

आता ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डिस्कपार्ट', मग 'लिस्ट डिस्क'. एसएसडीच्या ओळीत शेवटच्या 'जीपीटी' (पार्टिशनच्या तक्त्याची नवी पद्धत) रकान्यात तारा आहे ना, ते बघा. तो असेल तरच पुढे जा: 'सिलेक्ट डिस्क' आणि एसएसडीचा नंबर; 'क्रिएट पार्टिशन ईएफआय साइज=२६०'; 'फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२'; 'असाइन लेटर=एस'; 'एक्झिट'. इथवर फक्त रिकामं पार्टिशन झालं. फाइली भरतो तो हा आदेश: 'बीसीडीबूट', जागा सोडून सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरचा पत्ता, मग '/एस एस:' आणि '/एफ यूईएफआय'. पत्त्यात सी नंतर कोलन आणि मागे झुकणारी रेघ येते. बाकीच्या दोन ठिकाणी पुढे झुकणारी. 'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड' आलं म्हणजे काम झालं.

कॉम्प्युटर पूर्ण बंद करा, प्लग काढा, हार्ड डिस्कची केबल काढा आणि सुरू करा. सुरू झालाच नाही तर बूट मेनूत जाऊन एसएसडीच्या नावाची 'विंडोज बूट मॅनेजर' नोंद निवडा. जुनी डिस्क फॉरमॅट करण्याची घाई नको. नुसत्या एसएसडीवर चार-सहा वेळा बंद-चालू होऊ द्या.

जीपीटी रकान्यात तारा नसेल तर तुमचं विंडोज लेगसी पद्धतीचं आहे आणि वरचे आदेश चालणार नाहीत. तिथे एसएसडीवरचं विंडोजचं पार्टिशन 'ॲक्टिव्ह' करायचं, बीसीडीबूटला '/एस सी:' आणि '/एफ बायॉस' द्यायचं, आणि शेवटी 'बूटसेक्ट /एनटी६० सी: /एमबीआर'.

प्रश्न (ठाणे): मदरबोर्डवर एम.२ एसएसडी (थेट बोर्डवर बसणारी काडी) बसवली आणि त्याच क्षणी जुनी साटा हार्ड डिस्क गायब झाली. केबल बदलून पाहिली. एम.२ काढली की हार्ड डिस्क परत येते.

उत्तर: दोन्ही डिस्क चांगल्या आहेत. चिपसेटकडे वाटण्यासारख्या लेन (डेटाच्या वाटा) मोजक्याच असतात, म्हणून अनेक बोर्डवर एम.२ चा स्लॉट आणि एखाद-दोन साटा पोर्ट एकच लेन वापरतात. एम.२ बसली की तो पोर्ट बंद. कोणता, ते बोर्डच्या मॅन्युअलमध्ये एम.२ च्या पानावर तक्त्यात दिलेलं असतं. काही बोर्डवर हे फक्त साटा जातीच्या एम.२ ने होतं, काहींवर एनव्हीएमई या जास्त वेगवान जातीनेही. हार्ड डिस्क दुसऱ्या पोर्टला हलवा, संपला विषय.

तिथेच हेही बघा की तुमचा स्लॉट कोणती जात घेतो. एका खाचेची काडी बहुतेक एनव्हीएमई असते, दोन खाचांची बहुतेक साटा. फक्त एनव्हीएमई घेणाऱ्या स्लॉटमध्ये साटाची काडी नीट बसते, स्क्रूही लागतो, पण ती बायॉसमध्ये कधीच दिसत नाही. काडीवर २२८० छापलेलं असतं ते माप आहे, रुंदी २२ आणि लांबी ८० मिलिमीटर. त्यावरून जात कळत नाही.

प्रश्न (नागपूर): हार्ड डिस्कचं एसएसडीवर क्लोन (हुबेहूब प्रत) केलं. दोन्ही लावून सुरू करतो तर कॉम्प्युटर पूर्वीइतकाच संथ. आणि एक डिस्क 'ऑफलाइन' दिसते. क्लोन फसलं का?

उत्तर: क्लोन जरा जास्तच चांगलं झालं. डिस्कच्या प्रत्येक गोष्टीबरोबर तिची ओळखही उतरली. एमबीआर (जुन्या पद्धतीचा तक्ता असलेल्या) डिस्कची ओळख ४ बाइटची सही असते, जीपीटीची १६ बाइटची. एकाच ओळखीच्या दोन डिस्क दिसल्या की विंडोज एक चालू ठेवतं आणि दुसरीला 'सिग्नेचर कोलिजन' म्हणून ऑफलाइन करतं. तुमच्याकडे चालू राहिलेली जुनी आहे, म्हणून संथपणा.

क्लोननंतर पहिली सुरुवात नेहमी एकट्या एसएसडीवर करायची. आता तसंच करा: बंद करून हार्ड डिस्कची केबल काढा, एसएसडी तिच्या पोर्टला लावा, सुरू करा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्ह एसएसडीच्या ओळीत दिसला की मग जुनी डिस्क जोडा आणि बायॉसमध्ये एसएसडी वर आहे ना ते तपासा.

जुनी डिस्क ऑफलाइनच दिसेल. तिच्या नावावर राइट क्लिक करून 'ऑनलाइन' दिलं की विंडोज तिला नवी ओळख लिहून देतं. फाइली सगळ्या राहतात, पण ती डिस्क आता स्वतःच्या बळावर बूट होणार नाही, कारण तिच्यावरच्या बूट नोंदी जुनी ओळख शोधत बसतील. तेव्हा अडीअडचणीला म्हणून ती तशीच ठेवायची असेल तर 'ऑनलाइन' करू नका, काढून कपाटात ठेवा.

प्रश्न (सातारा): लॅपटॉपचा डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडीमध्ये (डिस्क धरणाऱ्या चौकटीत) एसएसडी बसवली, मूळ जागी हार्ड डिस्क तशीच आहे. कंपनीच्या लोगोवर दोन-तीन मिनिटं अडकतो, कधी कधी एसएसडी दिसतच नाही.

उत्तर: जागांची अदलाबदल करा. एसएसडी मूळ जागी, हार्ड डिस्क कॅडीत. डीव्हीडीच्या जागेवरून बूट करणं बऱ्याच लॅपटॉपच्या बायॉसला जमत नाही, आणि जुन्या मॉडेलमध्ये त्या पोर्टचा वेगही कमी असतो. म्हणजे महागाची वस्तू तुम्ही कमी वेगाच्या जागी ठेवली आहे.

अदलाबदलीनंतरही लोगोवर अडकत असेल तर संशय कॅडीवर. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडीत मिळते. जाड जागेत पातळ कॅडी घातली की ती किंचित खाली झुकते आणि पिना अर्ध्याच टेकतात. काही कॅडीच्या कडेला बारीक स्विच असतो, वेगवेगळ्या लॅपटॉपसाठी. लॅपटॉप बंद करून तो टाचणीने पुढच्या खाचेत सरकवून बघा. जोड खराब आहे की डिस्क, हे क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्राममध्ये कळतं. स्मार्ट तक्त्यातली (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) सी७ क्रमांकाची ओळ, 'सीआरसी एरर काउंट', आज लिहून ठेवा आणि दोन दिवस वापरून पुन्हा बघा. आकडा वाढत असेल तर कॅडी किंवा जोड वाईट. ०५ किंवा सी५ या ओळींत आकडे असतील तर मात्र डिस्कचाच पृष्ठभाग जातो आहे. तो लोगोवरचा अडकलेपणाही मग त्याचाच: बायॉस डिस्कला हाक मारतो आणि उत्तराची वाट बघत बसतो. अशा डिस्कवर चेकडिस्क (विंडोजची डिस्क-दुरुस्ती) चालवू नका, आधी डेटा काढून घ्या.

प्रश्न (पुणे): एक्स्टर्नल ड्राइव्हच्या खोक्यातून काढलेली ८ टीबीची डिस्क डेस्कटॉपला लावली. फिरतच नाही. खोक्यात परत घातली की यूएसबीवर चालते.

उत्तर: डिस्कवर हात ठेवला तर थरथर अजिबात जाणवत नसेल, तर ही तिसऱ्या पिनेची भानगड आहे. साटा पॉवरच्या १५ पिनांपैकी पहिल्या तीन पूर्वी ३.३ व्होल्टसाठी होत्या. नंतरच्या मानकात तिसऱ्या पिनेला नवं काम मिळालं: तिथे व्होल्टेज आलं की डिस्क बंद ठेवायची, म्हणजे सर्व्हरमधली डिस्क दुरून बंद-चालू करता येते. तुमचा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) जुन्या समजुतीने तिथे सतत ३.३ व्होल्ट देतो आणि डिस्क आज्ञाधारकपणे झोपून राहते.

एसएमपीएसच्या साटा पॉवर केबलच्या तारा मोजा. पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, दोन काळ्या, आणि पाचवी नारिंगी असेल तर ती ३.३ व्होल्ट. नारिंगी तारच नसेल तर दोष दुसरीकडे शोधा. असेल तर चार पिनांच्या मोलेक्सवरून साटा करणारा कनेक्टर घ्या, मोलेक्समध्ये ३.३ व्होल्ट नसतंच. मात्र ज्याच्या टोकाला तारा वेगवेगळ्या खोबणीत दाबून बसवलेल्या दिसतात तो घ्या. तारांवर प्लास्टिक ओतून एकसंध केलेले स्वस्त कनेक्टर आतून शॉर्ट होऊन जळल्याची उदाहरणं बरीच आहेत. तिसऱ्या पिनेवर कॅप्टॉन (वीजरोधक) टेप लावण्याचा उपायही चालतो, पण टेप केबल काढता-घालताना सरकते.

एक सावधगिरी. सुट्या केबलींच्या मॉड्युलर एसएमपीएसला दुसऱ्या कंपनीची केबल कधीही लावू नका. टोक चपखल बसतं, पण आत तारांचा क्रम निराळा असतो आणि ५ व्होल्टच्या जागी १२ जाऊन डिस्क पहिल्याच क्षणी जळू शकते. डिस्क जोडली की पंखे क्षणभर फिरून सगळंच बंद पडतंय, असं असेल तर डिस्कच्या सर्किट बोर्डवरचा संरक्षक डायोड बहुधा शॉर्ट झाला आहे. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. नुसता एसएमपीएस कमी पडतोय का, याचा अंदाज असा: ३.५ इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास घेते, म्हणजे साधारण २४ वॅट. एका डिस्कने चांगला एसएमपीएस डगमगत नाही.

प्रश्न (नांदेड): शाळेच्या लॅबमधल्या उबुंटूच्या (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरला आणखी एक डिस्क लावली. आता 'यू आर इन इमर्जन्सी मोड' म्हणून थांबतो. कधी दीड मिनिट वाट बघून थांबतो.

उत्तर: '/ईटीसी/एफएसटॅब' या फाइलमध्ये कुणीतरी डेटा पार्टिशन '/डेव्ह/एसडीबी१' अशा नावाने लिहिलं आहे. ही नावं डिस्क सापडेल त्या क्रमाने दिली जातात. नवी डिस्क आधी सापडली, ती एसडीबी झाली, जुनी सरकून एसडीसी झाली. लिनक्स नव्या डिस्कवर जुनं पार्टिशन शोधतं, मिळत नाही, आणि सुरुवातच थांबवतं. दीड मिनिट म्हणजे सिस्टिमडीची (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) ठरलेली ९० सेकंदांची वाट.

आत शिरायला सुरू करताना ग्रबचा (लिनक्सच्या बूट प्रोग्रामचा) मेनू आणा (शिफ्ट किंवा एस्केप), 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून रिकव्हरी मोड, तिथून 'रूट'. उबुंटूवर रूटला (मुख्य व्यवस्थापकाच्या खात्याला) पासवर्ड दिलेला नसतो, त्यामुळे इमर्जन्सी मोडचा पडदा अनेकदा आत घेत नाही. हा रस्ता घेतो. 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /' देऊन लिहिण्याची मुभा मिळवा. 'बीएलकेआयडी' दिलं की प्रत्येक पार्टिशनचा यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) दिसेल. 'नॅनो'मध्ये एफएसटॅब उघडा, '/डेव्ह/एसडीबी१' च्या जागी 'यूयूआयडी=' आणि तो लांबलचक क्रमांक लिहा. त्याच ओळीत 'डिफॉल्ट्स' नंतर स्वल्पविराम देऊन 'नोफेल' घाला. मग ती डिस्क काढून टाकली तरी सर्व्हर तिच्यासाठी अडून बसणार नाही. '/' या मुख्य पार्टिशनच्या ओळीला 'नोफेल' लावू नका.

रीस्टार्ट करण्याआधी 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवा. टायपिंगची चूक तिथेच सापडते. मग 'माउंट -ए'. दोन्ही बिनतक्रार झाले तरच रीबूट.

प्रश्न (कोल्हापूर): नवी डिस्क दिसेना म्हणून बायॉसमध्ये साटा मोड बदलला. आता निळा पडदा आणि 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'.

उत्तर: मोड होता तसा करा, विंडोज सुरू होईल. सुरू होताना विंडोज ज्या मोडमध्ये टाकलं होतं त्याचाच ड्रायव्हर उचलतं. आयडीई किंवा रेड मोडवरून एकदम एएचसीआय मोडवर नेलं की त्याला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. एएचसीआय खरोखर हवं असेल तर आधी विंडोजमध्ये 'एमएसकॉन्फिग' उघडून सेफ बूटवर खूण करा, रीस्टार्ट करताना बायॉसमध्ये मोड बदला, सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या (तेव्हा योग्य ड्रायव्हर आपोआप लागतो), मग खूण काढा. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, म्हणून अकाउंटचा पासवर्ड माहीत असू द्या, आणि बिटलॉकरची की जवळ ठेवा. डिस्क न दिसण्याचं तुमचं मूळ कारण मात्र बहुधा केबल किंवा बंद ठेवलेला पोर्ट आहे. बायॉसमध्ये प्रत्येक साटा पोर्टपुढे 'एनेबल्ड' आहे का बघा.

प्रश्न (फोंडा, गोवा): २००४ च्या कॉम्प्युटरमध्ये रुंद पट्टीच्या केबलवर दुसरी जुनी डिस्क लावली, घरचे जुने फोटो काढायला. आता दोन्ही डिस्क दिसत नाहीत.

उत्तर: रुंद पट्टीच्या, म्हणजे आयडीईच्या, एका केबलवर एक मास्टर (पहिली डिस्क) आणि एक स्लेव्ह (दुसरी) लागतो. तुमच्याकडे दोन्ही मास्टर झाल्या आहेत. डिस्कच्या मागे, केबल आणि पॉवरच्या मधे, छोटा जंपर असतो. त्याच्या जागा डिस्कच्या लेबलवर छापलेल्या असतात. विंडोजची डिस्क मास्टर, फोटोंची स्लेव्ह करा. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच डिस्कवर एकटी असताना आणि सोबत स्लेव्ह असताना मास्टरचा जंपर वेगळ्या जागी लागतो, लेबल नीट वाचा. बारीक तारांच्या केबलचं निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टरला, मधलं राखाडी स्लेव्हला. नुसते फोटोच काढायचे असतील तर या फंदात न पडता स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेला आयडीई ते यूएसबी कनेक्टर घ्या आणि डिस्क मास्टर ठेवून लॅपटॉपला जोडा.